एकट्या माशीचा मेंदू आणि आपली फवारणी

मधमाशी आणि मुंगी यांच्या शहाणपणाची गोष्ट आपल्याला शाळेपासून एकाच साच्यात सांगितली जाते. त्या एकजुटीने राहतात, कामं वाटून घेतात, म्हणून त्या हुशार. व्याख्यानांत, व्यवस्थापनाच्या वर्गांत, मुलांच्या धड्यांत, सगळीकडे हेच. मला या विधानाचा क्रमच उलटा वाटतो. कीटकांच्या मेंदूंवर गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे काम झालं आहे ते पाहिलं, तर बुद्धी आधी एकट्या राहणाऱ्या माश्यांनी कमावली असं दिसतं. समाज त्या बुद्धीच्या जोरावर फार उशिरा उभा राहिला आणि उभा राहिल्यावर त्याने प्रत्येकीच्या मेंदूत काही ठिकाणी भर घातली, तर काही ठिकाणी चक्क कपात केली. हा वाद फक्त प्राणिशास्त्राच्या वर्गातला नाही. मोहोळ शाबूत आहे ना, मग माश्यांचं बरं चाललं आहे, असं धरून आपण कीटकनाशकं सुरक्षित ठरवतो. ती चूक याच समजुतीतून येते.

‘समाजाने मेंदू वाढवला’ ही कल्पना मुळात माकडांवरून आली. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी 1992 साली दाखवलं की माकडांच्या आणि वानरांच्या ज्या जाती मोठ्या टोळ्यांत राहतात, त्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर तुलनेने मोठा असतो. कोण कोणाचा मित्र, कोणी कोणाला फसवलं, आज कोणाशी जुळवून घ्यायचं, हे सगळं लक्षात ठेवायला मेंदू लागतो, असा त्यामागचा तर्क. माकडांपुरता तो पटण्यासारखा आहे. मग साहजिकच नजर मुंग्या-मधमाश्यांकडे वळली. तिथे जुना पुरावा तयारच होता. फ्रेंच निसर्गअभ्यासक फेलिक्स द्युजार्दाँ यांनी 1850 सालीच कीटकांच्या मेंदूत अळंबीसारख्या आकाराचे दोन भाग दाखवले होते आणि त्यांचा संबंध बुद्धीशी जोडला होता. आज त्यांना ‘मशरूम बॉडी’ म्हणतात. वास, रंग, जागा यांची सांगड घालणं आणि ती लक्षात ठेवणं हे त्यांचं मुख्य काम. मधमाशीच्या मेंदूत जेमतेम दहा लाख चेतापेशी असतात आणि त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक या दोन भागांत असतात. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटात मात्र या भागात प्रत्येक बाजूला दोन-अडीच हजारच पेशी. एक समाजात राहते, दुसरं राहत नाही. निष्कर्ष काढायला आणखी काय हवं?

हवं होतं ते म्हणजे मधमाशीच्या जवळच्या नातेवाइकांची तपासणी. चिलटाशी तुलना करणं म्हणजे फार दूरच्या पाहुण्याशी तुलना करणं. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या एकाच मोठ्या कुळातल्या, आणि त्या कुळात एकट्या राहणाऱ्या जातीच कितीतरी जास्त आहेत. सारा फॅरिस आणि सुझान शुलमाइस्टर यांनी या कुळभरच्या मशरूम बॉडी मोजल्या आणि 2011 साली निष्कर्ष मांडला. मोठी, घड्या पडलेली, डोळ्यांकडूनही माहिती घेणारी मशरूम बॉडी समाज निर्माण होण्याच्या सुमारे 9 कोटी वर्षं आधीच आली होती. दुसऱ्या कीटकाच्या अंगात किंवा अंगावर अंडं घालून जगणाऱ्या परजीवी माश्यांचा उदय झाला, त्याच सुमारास ती आली. 9 कोटी वर्षं! त्या सगळ्या काळात ना राणी होती, ना कामकरी, ना पोळं. एकेकटी मादी होती आणि तिला शोधून काढायचं होतं पानाखाली लपलेलं किंवा लाकडात खोल दडलेलं नेमकं एक सावज.

हे काम किती अवघड, ते आपल्या घराच्या भिंतीवरच बघता येतं. कुंभारीण माशी आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात नळाखालच्या ओल्या जागेवर ती उतरते, पुढचे पाय आणि जबडे वापरून चिखलाची इवलीशी गोळी वळते आणि ती उचलून खिडकीच्या चौकटीकडे किंवा फोटोच्या मागे नेते. गोळी थापताना ती पंखांचे स्नायू थरथरवते आणि बारीकसा गूं-गूं आवाज येतो. चिखल त्या थरथरीने पसरतो. एक खोली तयार झाली की ती शिकारीला निघते. जातीनुसार सावज वेगळं, कोणाला कोळी लागतो, कोणाला अळी. डंख असा मारायचा की सावज लुळं पडावं पण मरू नये, कारण मेलं तर आत सडेल. खोली भरली की एक अंडं घालायचं, तोंड लिंपायचं आणि पुढची खोली सुरू करायची. चिखलाची जागा, घराची जागा, शिकारीची जागा, कोणती खोली किती भरली, हे सगळं त्या एका डोक्यात. विचारायला बहीण नाही, आणि फुलं कोणत्या दिशेला, किती लांब हे मधमाश्या एकमेकींना नाचून सांगतात, तसा वाट दाखवायला कोणाचा नाच नाही.

आपल्या संतांनीही या माशीकडे लक्ष दिलं होतं. घरट्यात अळी कोंडली जाते आणि काही दिवसांनी तिथून माशीच बाहेर येते, हे पाहून अळी माशीचं ध्यान करता करता माशीच झाली, असा भृंगकीटकाचा दृष्टांत भक्तीच्या संदर्भात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. जीवशास्त्र वेगळं सांगतं हे खरं. तरी त्या दृष्टांतामागे भिंतीवरच्या एका क्षुद्र माशीकडे दिवसचे दिवस टक लावून पाहणारं कोणीतरी होतं, याचं मला फार मोल वाटतं.

युरोपात हेच टक लावून पाहणं प्रयोगापर्यंत गेलं. डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी मधमाश्यांची शिकार करणाऱ्या एका एकट्या माशीच्या बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं ठेवलं. माशीला त्याची सवय होऊ दिली आणि ती बाहेर असताना ते कडं थोडं बाजूला सरकवलं. परतलेली माशी बीळ सोडून कड्याच्या मधोमध उतरली. म्हणजे निघताना ती आजूबाजूच्या खुणांचा नकाशाच मनात घेऊन जात होती. त्यांचेच सहकारी बेरेंड्स यांनी वाळूत बिळं करणारी दुसरी एक माशी पाहिली. ती एकाच वेळी दोन-तीन घरटी सांभाळते, सकाळी प्रत्येकात डोकावून येते आणि कोणत्या पिलाला आज किती अळ्या लागतील हे त्या फेरीत ठरवते. सकाळच्या फेरीआधी घरट्यातल्या अळ्या काढून घेतल्या तर ती जास्त आणते, फेरीनंतर काढल्या तर तिला पत्ता लागत नाही. दिवसभराचं वेळापत्रक सकाळच्या एका पाहणीवर बेतायचं आणि ते तासन्‌तास लक्षात ठेवायचं, हे काम करणारी माशी आयुष्यभर एकटी असते.

माझा मुद्दा इथे उभा राहतो. घर करून तिथे पुन्हा पुन्हा परत येणं ही समाजाची पूर्वअट आहे. ज्या मादीला घराची वाट लक्षात ठेवता येत नाही, तिच्या लेकींना त्याच घरी राहून बहिणी वाढवण्याचा प्रश्नच येत नाही. समाज बांधायला जी बुद्धी लागते, ती त्याला आयती मिळाली.

मग समाज आल्यावर मेंदूचं काय झालं? फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातले शॉन ओ’डॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली गांधीलमाश्यांच्या 29 जातींची तुलना केली. अपेक्षा अशी की एकटीचा मेंदू साधा, छोट्या वसाहतीतलीचा बरा, मोठ्या वसाहतीतलीचा सर्वांत विकसित. हाती आलं ते वेगळंच. समाजात राहणाऱ्या जातींची मशरूम बॉडी एकट्या जातींपेक्षा तुलनेने लहान निघाली. त्यांचं स्पष्टीकरण असं की वसाहतीत माहिती वाटली जाते. एकीला कळलं ते दुसरीला सांगता येतं, एकीचं चुकलं तर दुसरी सावरते, मग प्रत्येकीने सगळा भार डोक्यात वाहण्याची गरज उरत नाही. मेंदू हा महागडा अवयव आहे. तो पोसायला साखर लागते. जिथे चालून जातं तिथे निसर्ग काटछाट करतो.

ही काटछाट किती झटपट होऊ शकते, याचा सर्वांत थक्क करणारा दाखला आपल्याच सह्याद्रीत राहतो. हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर ही लांब जबड्यांची, मोठ्या डोळ्यांची, उडी मारून शिकार पकडणारी मुंगी. तिच्या कामकरी एकट्या शिकारीला जातात. वारुळातली राणी मेली की कामकऱ्यांमध्ये मिशांनी टोले देण्याची चुरस लागते. ती कित्येक दिवस चालते आणि जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालू लागतात. त्यांचा अंडाशय फुगतो, आयुष्य काही महिन्यांवरून काही वर्षांवर जातं आणि मेंदू सुमारे पाव हिश्शाने लहान होतो. क्लिंट पेनिक आणि सहकाऱ्यांनी 2021 साली पुढचं पाऊल टाकलं. अशा मुंग्यांना त्यांनी काही काळ वसाहतीपासून वेगळं ठेवलं. त्या पुन्हा कामकरी झाल्या आणि मेंदू पुन्हा वाढला! अंधारात बसून अंडी घालायची असतील तर शिकारीचा मेंदू कशाला बाळगा, आणि शिकारीला जायचं असेल तर तो परत उभा करा. समाजातलं स्थान मेंदू घडवतं ते असं, एकाच मुंगीच्या एकाच आयुष्यात.

इथे थांबलो तर मी एकतर्फी लिहिलं असं होईल. समाजाने बुद्धीला धार लावल्याची उदाहरणंही पक्की आहेत. ती मला या विषयातली सगळ्यांत श्रीमंत जागा वाटते, कारण त्यांतून कळतं की ‘समाज’ हा एकच एक प्रकार नाही.

अमेरिकेत मिशिगनकडे पॉलिस्टिस फस्कॅटस नावाची गांधीलमाशी आहे. वसंत ऋतूत तिच्या कित्येक माद्या मिळून एक घरटं सुरू करतात. कोण वरची, कोण खालची, हे भांडून ठरवतात. यांच्या चेहऱ्यांवरचे पिवळे-तपकिरी ठसे प्रत्येकीचे निराळे असतात. एलिझाबेथ टिबेट्स यांनी 2002 साली काही माद्यांचे चेहरे रंगाने बदलले. ओळखीची बहीण अनोळखी दिसू लागताच घरट्यातल्या इतरांनी तिच्यावर हल्ले वाढवले आणि नव्या चेहऱ्याची सवय झाल्यावर ते पुन्हा निवळले. पुढे 2011 साली मायकल शीहान यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की ही माशी गांधीलमाश्यांचे चेहरे इतर चित्रांपेक्षा लवकर शिकते. जवळच्याच दुसऱ्या जातीत मादी बहुधा एकटीच घरटं सुरू करते आणि तिला चेहऱ्यांचं असं विशेष कौशल्य नाही. म्हणजे इथे सामाजिक गरजेने खरोखर एक नवी बौद्धिक क्षमता घडवली.

आपल्याकडे याच धाटणीचं काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक दशकं केलं. खिडक्यांच्या कोपऱ्यांत, वळचणीला कागदासारखं उघडं घरटं करणारी रोपॅलिडिया मार्जिनेटा ही दक्षिण भारतभर दिसणारी गांधीलमाशी त्यांनी निवडली. तिची राणी कमालीची शांत असते, कोणावर दादागिरी करत नाही. तिला उचलून बाजूला ठेवलं की काही मिनिटांत एक कामकरी भयंकर आक्रमक होते, कोणी तिला विरोध करत नाही, आणि आठवड्याभरात ती अंडी घालू लागते. नंतर तीही पहिल्या राणीसारखी शांत होते. ती कोण असेल, हे शास्त्रज्ञांना आधी ओळखता येईना. आकार, वय, दबदबा, कशावरूनच ठाम सांगता येईना. मग अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी घरटं मधोमध जाळीने दुभागलं आणि राणी एका बाजूला ठेवली. दुसऱ्या बाजूला एक वारस उभी राहिली. मग दोघींच्या जागा बदलल्या. वारस नव्या बाजूला गेल्यावर कधी तिला तिथेही मान्यता मिळाली, कधी तिच्याऐवजी दुसरीच पुढे आली, पण तिसरी कधीच आली नाही. खरी वारस ज्या बाजूला गेली तिथे तिच्यावर कोणी हल्लाही केला नाही. 2008 साली त्यांनी निष्कर्ष मांडला की वारस आधीच ठरलेली असते. माणसाला ती ओळखता येत नाही, पण माश्यांना येते. महागडी यंत्रं नव्हती. होती ती नेटाची नोंद, अंगावर रंगाचे ठिपके दिलेल्या माश्या, जाळी आणि नीट विचारलेला प्रश्न. असं विज्ञान आपल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या महाविद्यालयात होऊ शकतं आणि व्हायला हवं, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

या दोन्ही माश्यांची घरटी लहान असतात, जेमतेम काही डझन माद्यांची. प्रत्येकीला आई होण्याची संधी असते, म्हणून प्रत्येकीचा हितसंबंध वेगळा आणि प्रत्येकीवर लक्ष ठेवणं भाग. माकडांच्या टोळीत चालतं तेच. हजारोंच्या मोहोळात हे नाही. तिथे कामकरी एकमेकींना व्यक्ती म्हणून ओळखत नाहीत, वासावरून ‘आपली’ की ‘परकी’ एवढंच ठरवतात. एक मोठा पेच मला इथे सुटल्यासारखा वाटतो. ‘अ’ ‘ब’पेक्षा भारी, ‘ब’ ‘क’पेक्षा भारी, तर ‘अ’ ‘क’पेक्षा भारी, हा तर्क मधमाशीला लावता आला नाही असं 2004 सालच्या प्रयोगात दिसलं. छोट्या घरट्यात श्रेणी सांभाळणाऱ्या गांधीलमाशीला तो 2019 साली जमला. दोघींचे मेंदू आकाराने फार वेगळे नाहीत. समाजाचा आकार पाहू गेलं तर उत्तर उलटं यायला हवं होतं. बुद्धीला धार लावते ती समाजातली चुरस. नुसती संख्या ती लावत नाही.

संख्येचाही एक वेगळा परिणाम असतो, तोही एका वाक्यात नोंदवून ठेवतो. 2020 च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरपर्यंत येऊन धडकलेल्या वाळवंटी टोळाचा झुंडीतला अवतार एकट्या अवतारापेक्षा सुमारे 30 टक्के मोठा मेंदू बाळगतो, कारण झुंडीत खाण्यासाठी स्पर्धा असते आणि मागच्या टोळाने आपल्यालाच खाऊ नये याची धास्तीही.

मधमाश्यांच्या मोठ्या मोहोळाने प्रत्येकीला काहीच दिलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मोहोळ ही शाळा आहे. चीनमधल्या युन्नान प्रांतात 2023 साली फक्त कोवळ्या माश्यांची मोहोळं तयार केली गेली. ज्यांचा नाच पाहून शिकावं अशी एकही अनुभवी माशी तिथे नव्हती. या माश्यांनी नाच केला, पण विस्कळीत. पुढे दिशेच्या चुका सरावाने कमी झाल्या, अंतराची चूक मात्र जन्मभर राहिली. मोठ्यांचा नाच बघितल्याशिवाय अंतर सांगायची बोली त्यांना नीट आलीच नाही. लंडनमध्ये 2024 साली भुंग्यांसारख्या केसाळ बंबलमाश्यांना दोन टप्प्यांत उघडणारी पेटी दिली गेली. कोणी न शिकवलेल्या माश्या 24 दिवस देऊनही ती उघडू शकल्या नाहीत. शिकवून तयार केलेल्या माशीला बघून मात्र काही जणी शिकल्या. एका आयुष्यात जे सुचणार नाही, ते दुसरीकडून शिकता येतं, ही गोष्ट आपण फक्त माणसाची समजत होतो.

पण या प्रयोगांकडे पाहताना एक गोष्ट विसरू नये. परीक्षेला बसवलं ते मधमाशीला आणि बंबलमाशीला, कारण त्यांची पेटी प्रयोगशाळेत ठेवता येते, त्या साखरपाण्यासाठी पुन्हा पुन्हा येतात. कुंभारणीला, वांग्यावरच्या निळ्या पट्ट्यांच्या माशीला अशी परीक्षा देण्याची संधी क्वचितच मिळाली. ज्यांनी पेपर लिहिला त्यांचेच गुण दिसणार. परागकण गोळा करणाऱ्या माश्यांच्या जगात 20 हजारांहून अधिक जाती आहेत आणि बहुसंख्य जाती एकट्या राहतात. आपण ज्यांना ‘माश्या’ म्हणून डोळ्यांसमोर आणतो, त्या या गोतावळ्यातल्या अपवाद आहेत.

आणि आता शेत.

नवीन कीटकनाशक माश्यांसाठी किती घातक, हे ठरवायची जगभर रुळलेली मूळ चाचणी सोपी आहे. मधमाश्यांना ठराविक मात्रा पाजायची किंवा अंगावर लावायची आणि 48 तासांत किती मेल्या ते मोजायचं. मेल्या नाहीत त्या ठीक. त्यातली एखादी घराची वाट विसरली का, हे ही चाचणी विचारतच नाही. 2012 साली फ्रान्समध्ये मिकाएल आँरी आणि सहकाऱ्यांनी ते विचारलं. माश्यांच्या पाठीवर बारीक चिप चिकटवल्या, थायमेथोक्झाम या ‘निओनिकोटिनॉइड’ गटातल्या कीटकनाशकाची जीव न घेणारी मात्रा पाजली आणि वसाहतीपासून दूर सोडून दिलं. त्या मात्रेमुळे घरी परतू न शकलेल्यांचं प्रमाण परिस्थितीनुसार 10 ते 31 टक्क्यांच्या घरात गेलं. चाचणीच्या भाषेत या माश्या मेल्या नव्हत्या. त्या नुसत्या हरवल्या होत्या. हे होणारच, कारण ही औषधं चेतापेशींवरच काम करतात.

पण हरवलेल्या माशीची किंमत कोण मोजतं? हजारोंच्या मोहोळात शंभर हरवल्या तर राणी आणखी अंडी घालते, आतल्या कोवळ्या माश्या वेळेआधी बाहेर पडतात, पेटी जड दिसत राहते. समाज धक्का पचवतो. एकट्या माशीला पचवायला कोणी नाही. ती हरवली की तिचं घरटं तिथेच संपलं, उरलेल्या खोल्या रिकाम्या. स्वीडनमध्ये 2013 च्या हंगामात हे उघड्या शेतांवर पाहिलं गेलं. मोहरीवर्गीय पिकाची 16 शेतं निवडली. अर्ध्यांत बियाण्याला याच निओनिकोटिनॉइड गटातलं औषध लावलेलं, अर्ध्यांत नाही. शेतांच्या कडेला मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या, बंबलमाश्यांच्या वसाहती ठेवल्या आणि नळीत घरटं करणाऱ्या एकट्या माशीचे कोश ठेवले. मधमाश्यांच्या पेट्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. बंबलमाश्यांच्या वसाहतींची वाढ खुंटली. एकट्या माश्यांनी औषध नसलेल्या आठांपैकी सहा शेतांवर घरटी केली, औषध असलेल्या आठांपैकी एकावरही नाही. माय रुंडलॉफ आणि सहकाऱ्यांनी 2015 साली हे प्रसिद्ध केलं. फक्त मधमाशीच्या पेट्या मोजल्या असत्या, तर औषध ‘सुरक्षित’ ठरलं असतं.

मोहोळाला हुशार आणि एकट्या माशीला क्षुल्लक मानण्याचा हिशेब तिथे असा चुकतो. ज्या मेंदूला समाजाचा आधार नाही, त्यावरच विषाचा घाला सर्वांत जास्त बसतो, आणि आपली चाचणी त्याच मेंदूकडे बघत नाही. 

महाराष्ट्रात याचा अर्थ काय, ते वांग्याच्या फुलात बघावं. वांग्याचे पराग उघड्यावर नसतात. ते पिवळ्या नळ्यांसारख्या परागकोशांत बंद असतात, टोकाला बारीक भोक. माशीने त्याला घट्ट मिठी मारून पंख न हलवता स्नायू थरथरवले की पराग भुरभुर खाली पडतात. हे मधमाशीला जमत नाही. लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा ते करतो, निळ्या पट्ट्यांची छोटी माशी करते. दोन्ही एकट्या राहणाऱ्या. तुरीच्या फुलावर पानं कापून घरटं करणाऱ्या माश्या येतात, त्याही एकट्याच. भाड्याने आणलेली पेटी इथे त्यांची जागा घेऊ शकत नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 साली ‘मधाचं गाव’ जाहीर झालं, सातेरी माशी पाळणाऱ्यांना मान मिळाला, पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे. या सगळ्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मध न देणाऱ्या माशीसाठी कोणती योजना, कोणता फलक?

शेतकऱ्याला सल्ला मिळतो की फुलोऱ्यात फवारू नका, फवारायचंच तर संध्याकाळी, म्हणजे माश्या पेटीत गेलेल्या असतात. हा सल्ला पेटीतल्या माशीला धरूनच दिलेला आहे. निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर संध्याकाळी बांधावरच्या वाळक्या काडीला जबड्याने धरून झोपतात, माद्या त्याच बांधाच्या मातीत बिळं करतात. आणि बियाण्याला लावलेलं औषध झाडाच्या रसातून परागांत आणि मधुरसात उतरतं, त्याला संध्याकाळ-सकाळ नसते.

या लेखाचा रोख शेतकऱ्यावर नाही. कापसावर तुडतुडे आणि मावा चढला की काय होतं हे ज्याने भोगलं आहे, त्याला बियाण्यावरचं औषध म्हणजे सुरुवातीच्या दोन-तीन फवारण्यांपासून सुटका वाटते. ती खरी आहे. युरोपीय संघाने 2018 साली इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झाम उघड्या शेतात वापरायला बंदी घातली. तीच बंदी इथे उद्यापासून जशीच्या तशी आणा, असं मी म्हणत नाही, कारण पर्याय हाती नसताना बंदी आली की शेतकरी त्याहून जुन्या आणि त्याच्या स्वतःच्या अंगाला जास्त बाधणाऱ्या औषधांकडे वळतो. माझी मागणी मोजण्याबद्दल आहे. माशी परतते का, हे मोजायची पद्धत आता जगात आहे. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने 2021 साली मधमाशीच्या घरी परतण्याच्या चाचणीची मार्गदर्शिका काढली आहे. केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणी समितीने कंपन्यांकडे ती मागावी, आणि ती फक्त पेटीतल्या विलायती माशीवर न थांबता निदान एका एकट्या राहणाऱ्या भारतीय जातीवर घ्यायला लावावी. काळा भुंगा घ्या. तो मोठा आहे, चिप पेलवतो, बांबूच्या पोकळ कांडीत आनंदाने घर करतो.

हे काम राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांना जमण्यासारखं आहे. वांग्याच्या आणि तुरीच्या शेताच्या बांधावर बांबूच्या कांड्यांच्या जुड्या टांगायच्या, एका शेतात औषध लावलेलं बियाणं, दुसऱ्यात साधं, आणि हंगामभर किती कांड्यांची तोंडं बंद झाली ते मोजायचं. यासाठी वही, बांबू आणि रोज पहाटे उठणारा विद्यार्थी एवढंच लागतं. कापसाचे आकडे तालुकावार छापून येतात, पावसाचे मंडळवार येतात. त्यांच्याच शेजारी बांधावरच्या भरलेल्या कांड्यांचाही एक रकाना असायला हवा, आणि एखाद्या औषधाने तो रिकामा केला तर त्याच्या नोंदणीचा फेरविचार त्याच वर्षी व्हायला हवा.